माथ्यावरचा श्री

पत्र लिहावयास घेतले की प्रथम कागदाच्या माथ्यावर मधोमध ‘श्री’ काढावयाचा, ही वहिवाट आमच्या घराण्यात कोणत्या पुरुषाने घातली हे मला ठाऊक नाही. परंतु ती मोडण्याचे धैर्य आजवर एकाही वंशजाला झालेले नाही, एवढे मी दाखल्यानिशी सांगू शकतो. आमचे वडील परटाच्या हिशेबाच्या चिठ्ठीवरदेखील श्री लिहीत, आणि त्या श्रीच्या साक्षीने परटाने दोन सदरे हरवल्याची कबुली दिली, तरी चिठ्ठीचे मांगल्य त्यांच्या लेखी तिळमात्र उणे होत नसे. श्रीच्या खाली उजव्या हाताला गाव आणि तिथी, त्याखाली ‘तीर्थरूप’ अथवा ‘चिरंजीव’, त्यापुढे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, अशा पायऱ्या एकामागून एक चढून गेल्यावर मग कोठे मजकुराचा गाभारा लागे; आणि गाभाऱ्यात पुष्कळदा ‘मनीऑर्डर अद्याप पोचली नाही’ एवढीच मूर्ती असे.

या पायऱ्यांना आजची पिढी हसते; पण त्या काळी मजकूर वाचण्यापूर्वीच पत्राची जात कळावी, अशी ती योजना होती. चारी कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटे लागलेली असली, की घरातली मंडळी पाकीट फोडण्याआधीच आहेराची काळजी करू लागत. उत्तरेकडच्या आणि गुजराथेतल्या व्यापाऱ्यांच्या पत्रांवर साडेचौऱ्याहत्तर हा आकडा असे, आणि ज्याचे पत्र नाही त्याने ते फोडल्यास चितोडच्या संहाराचे पाप त्याच्या माथी बसेल, असा त्याचा अर्थ सांगत. त्या संहारात पडलेल्या वीरांच्या जानव्यांचे वजन साडेचौऱ्याहत्तर मण भरले, अशी त्यामागची आख्यायिका. आणि ज्या पत्राच्या माथ्यावर श्रीच नसे, ते पत्र हातात घेतल्याबरोबर घरातला वडील मनुष्य ओसरीवरच खाली बसत असे. ही सारी अक्षरे आणि चिन्हे पत्त्यातही मोडत नसत आणि मजकुरातही मोडत नसत. टपालखात्याला त्यांचे सोयरसुतक नव्हते. ते बिचारे जशीच्या तशी वाहून नेई. पत्ता आणि मजकूर यांच्या मधला हा जो लहानसा मुलूख, त्यावरचे माझे वडिलोपार्जित प्रेम उतारवयात मला कोणत्या यातायातीत घालणार होते, याची तेव्हा कल्पना नव्हती.

सध्या मी आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयाचा चिटणीस आहे. चिटणीस म्हणजे चिठ्ठ्या लिहिणारा, आणि या पदाचे आमचे मूळपुरुष शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहावयास सवड न मिळाल्यामुळे त्यांनी एकदा हातात कोरा कागद धरून सबंध पत्र खडाखड ‘वाचून’ दाखविले, अशी आख्यायिका आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. जे लिहिलेच नव्हते ते त्यांनी वाचले. माझ्या वाट्याला याच्या नेमकी उलट सेवा आली: मी असे काही लिहीत असतो की जे कोणीच वाचत नाही.

त्याचे असे झाले. कार्यकारी मंडळाने एका सभेत, चहा येण्यापूर्वी, यापुढचा सर्व पत्रव्यवहार ई-मेलने करावा असा ठराव एकमताने मंजूर केला, आणि चहा आल्यावर त्याची अंमलबजावणी चिटणिसांवर सोपविली. माझा भाचा संगणकाच्या धंद्यात आहे. त्याने वाचनालयासाठी राउंडक्यूब नावाचे फुकट मिळणारे वेबमेल उभे करून दिले. ब्राउझर उघडावा, परवलीचा शब्द टाकावा, की टपालाचे सारे दफ्तर समोर हजर. त्यात पत्त्याला रकाना होता, विषयाला रकाना होता, मजकुराला तर भलेमोठे पटांगण होते. श्रीला मात्र कोठेही जागा नव्हती. मी तो मजकुराच्या पहिल्या ओळीत घालू लागलो. दोन आठवड्यांनी एक सभासद म्हणाले, “चिटणीस, माझ्या फोनवर तुमच्या पत्रांच्या विषयाखाली नुसते ‘श्री’ दिसते. पुढे काही नसेल असे समजून मी ती उघडतच नाही.” ज्या अक्षराने कार्याचा आरंभ व्हावयाचा, त्यानेच कार्याचा शेवट होऊ लागला.

अशा विमनस्क अवस्थेत असताना एके दिवशी माझे बोट चुकून भलत्याच ठिकाणी पडले आणि पत्राचे मूळ स्वरूप पडद्यावर उघडे झाले. पत्र आमच्या कागदाच्या व्यापाऱ्याचे होते आणि त्याचा मजकूर तीन ओळींचा होता. पण त्या तीन ओळींच्या माथ्यावर जवळजवळ साठ ओळींचा मायना होता! मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. ज्या ई-मेलला मी आजवर मायना नसलेले, असंस्कृत, डोक्यावर टोपी न घालता परगावी जाणारे पत्र समजत होतो, ते प्रत्यक्षात पेशवाईतल्या खलित्यालाही लाजवील असा सरंजाम डोक्यावर घेऊन हिंडत होते. फरक एवढाच, की पेशवाईतला मायना माणसे वाचीत आणि हा मायना यंत्रे वाचतात.

या साठ ओळींना हेडर म्हणतात, हे मला भाच्याने सांगितले, आणि त्यानंतर मी जुने दफ्तर चाळावे तशा निष्ठेने त्या चाळू लागलो. वाटेतला प्रत्येक सर्व्हर पत्र हाती येताच आपला शिक्का सर्वांत वर मारतो. म्हणून पत्राचा प्रवास समजून घ्यावयाचा तर ते शिक्के, मूळपुरुषापासून आरंभ करावा तसे, खालून वर वाचावे लागतात. ‘मेसेज-आयडी’ हा शुद्ध जावक क्रमांक. एका ओळीत पोचपावतीची मागणी असते, आणि तिचे उत्तर देणे न देणे हे सरकारी कचेरीप्रमाणेच पलीकडच्याच्या मर्जीवर असते. ‘एक्स-प्रायॉरिटी’ या ओळीत एकपासून पाचपर्यंत आकडा घालण्याची सोय आहे; एक म्हणजे अत्यंत तातडीचे आणि पाच म्हणजे सावकाश चालेल. आमचा कागदाचा व्यापारी बिले पाठविताना एक घाली, आणि माल केव्हा येणार या माझ्या तगाद्याचे उत्तर देताना पाच. एवढी सत्यनिष्ठा मजकुरात क्वचितच आढळते. आणखी खाली पाहिले तर स्पॅमअॅसॅसिन नावाच्या परीक्षकाने पत्राला गुण दिले होते. या परीक्षेत जितके गुण कमी तितका विद्यार्थी हुशार; पाच गुण मिळाले की सर्वसाधारण रिवाजाप्रमाणे पत्र लबाड ठरते, आणि उणे गुण मिळविणारा तो कुलीन. व्यापाऱ्याला उणे दोन मिळालेले पाहून, माणसांची पारख यंत्रावर सोपवू नये, असे माझे मत बनले.

परंतु माझे लक्ष वेधून घेतले ते ‘एक्स’ने सुरू होणाऱ्या ओळींनी. त्यांची सनद शोधता शोधता मी १९८२च्या ऑगस्टपर्यंत मागे गेलो. त्या महिन्यात डेव्हिड क्रॉकर नावाच्या गृहस्थांनी ‘आर. एफ. सी. ८२२’ या नावाने ई-मेलच्या स्वरूपाचा जो जाबता सिद्ध केला, त्यात असे एक औदार्याचे कलम घातले, की ज्याला आपल्या पदरचे एखादे हेडर घालावयाचे असेल त्याने नावाच्या आधी ‘एक्स-’ लावून ते खुशाल घालावे; सरकारी हेडरांची नावे त्या अक्षराने कधीही सुरू होणार नाहीत. गावाच्या शिवेत गायरान राखून ठेवावे, तसा हा प्रकार. पुढे व्हावयाचे तेच झाले. रयतेने गायरानात घातलेल्या खोपट्यांपैकी काही इतकी उपयोगी ठरली, की सारे जग त्यांच्या आश्रयाला गेले. पण नावातला एक्स निघेना, कारण तो काढला तर जुनी यंत्रे ओळख दाखवीत नाहीत, आणि ठेवला तर कायम झालेल्या मनुष्याच्या कपाळी ‘हंगामी’ ही पाटी जन्मभर राहते. अखेरीस २०१२च्या जूनमध्ये ‘आर. एफ. सी. ६६४८’ काढून, यापुढे नवीन नावांना एक्स लावण्याची प्रथा बंद करावी, असे फर्माविण्यात आले. तात्पुरत्या नेमणुकीचा घोळ निस्तरावयास जवळजवळ तीस वर्षे लागली, हे वाचून मला परदेशाविषयी प्रथमच आपलेपणा वाटला. कारण आमच्या वाचनालयात ‘प्रभारी’ म्हणून नेमलेला शिपाई प्रभारी म्हणूनच निवृत्त झाला.

या गायरानात लोकांनी काय काय पेरले आहे, ते पाहून मी तर विरघळूनच गेलो. एका प्रकारच्या हेडरात, अठ्ठेचाळीस ठिपके रुंद आणि अठ्ठेचाळीस ठिपके उंच अशी आपल्या चेहऱ्याची काळीपांढरी छबी अक्षरांत गुंडाळून पाठविता येत असे. त्याचे नाव ‘एक्स-फेस’. आणि ‘एक्स-क्लॅक्स-ओव्हरहेड’ या हेडराची कथा तर पुराणात शोभेल. टेरी प्रॅचेट या इंग्रज विनोदी कादंबरीकाराने २००४ सालच्या ‘गोइंग पोस्टल’ या कादंबरीत मनोऱ्यांवरून खुणांनी संदेश पाठविणारी एक टपालव्यवस्था रंगविली आहे. तीत मृत पुत्राचे नाव एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर अखंड फिरते ठेवतात, म्हणजे त्याचे जाणे पुरते होत नाही. २०१५च्या मार्चमध्ये प्रॅचेट स्वतः निवर्तले, तेव्हा त्यांच्या वाचकांनी या नावाचे हेडर तयार करून त्यात त्यांचे नाव घातले, आणि आपली संकेतस्थळे व पत्रे यांच्या माथ्यावरून ते जगभर हिंडते ठेवले. पडद्यावर ते कोणाला दिसत नाही, आणि पाठविणाऱ्यांचीही तशी अपेक्षा नसते. आम्ही सर्वपित्रीला गच्चीवर ठेवलेला घास कावळ्याने उचलला की समाधान पावतो. या मंडळींना सर्व्हरने उचलला की पुरते.

हे वाचल्यावर माझा निश्चय झाला. मी भाच्याला बोलावून सांगितले, “आपल्या पत्रांच्या हेडरात मला श्री घालावयाचा आहे.”

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “मामा, ते कोणाला दिसणार नाही.”

“ज्याला दिसावयाचा त्याला दिसेल,” मी म्हणालो.

या उत्तराचे तांत्रिक खंडन त्याच्यापाशी नसावे, कारण तो निमूटपणे कामाला बसला. राउंडक्यूबची मुख्य इमारत न फोडता तिला पडवी काढण्याची जी सोय आहे, तिला प्लगइन म्हणतात. पत्राच्या वाटेवर ठिकठिकाणी खुंट्या मारून ठेवलेल्या आहेत. त्यांतली एक खुंटी पत्र रवाना होण्याच्या ऐन आधीची, आणि आपले प्लगइन तिच्यावर टांगले की जाणाऱ्या प्रत्येक पत्राला उंबऱ्यावर थांबवून त्याच्या कपाळी हवा तो टिळा लावता येतो. वाड्याच्या दारात अक्षतांची वाटी घेऊन उभ्या असलेल्या आत्याबाईंचेच हे काम. विशेष म्हणजे असे जादा हेडर घालणारे एक प्लगइन राउंडक्यूबच्या गाठोड्यात मुळातच बांधून येते. त्याच्या सेटिंगच्या नमुन्यात, पत्र कोणत्या ब्राउझरमधून आणि कोणत्या पत्त्यावरून निघाले ते नोंदविण्याची अत्यंत अरसिक उदाहरणे दिलेली आहेत. तसेच एखादे हेडर नको असल्यास त्याच्यापुढे ‘नल’ असे लिहावे, म्हणजे ते गळून पडते, अशीही सूचना आहे. त्या सूचनेकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही.

आता श्री लिहावयाचा कसा? हेडराचा मूळ कारभार केवळ रोमन लिपीच्या साध्या अक्षरांत चालतो. अन्य लिपींना १९९२च्या नियमाने प्रवेश मिळाला खरा, पण तो वेषांतर करून. श्री या अक्षराचे यंत्राच्या हिशेबी चार घटक होतात: श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. प्रत्येक घटकास तीन बाइट, म्हणजे बारा बाइट. आणि मान्य असलेल्या दोन पद्धतींपैकी एकीने त्यांचे सोंग सजविले, की सोळा रोमन चिन्हे तयार होतात. ती मी कागदावर उतरवून घेतली आहेत: चार-के-एस-दोन, चार-के-डब्ल्यू-एन, चार-के-एस-डब्ल्यू, चार-के-डब्ल्यू-ए. दुसऱ्या पद्धतीने छत्तीस होतात, असे भाचा म्हणाला. पण एका श्रीची सोळा चिन्हे म्हणजे षोडशोपचारच झाले, तेव्हा मी पहिल्या पद्धतीवर मखलाशी केली. हेडराचे नाव मात्र रोमनमध्येच हवे, म्हणून ‘एक्स-मायना’ असे ठेवले. बंदीचा हुकूम २०१२मध्येच निघाला असल्याची जाणीव भाच्याने करून दिली. पण आमच्या गावी सरकारी हुकूम साधारणतः उशिराच पोचतात.

एवढ्यावर थांबावे, तर माझी हाव वाढली. श्रीच्या खाली एक ओळ कोरी सोडून मग ‘साष्टांग नमस्कार’ घालावा, असे मी सुचविताच भाचा दचकला. हेडर आणि मजकूर यांच्यामधला मेरा म्हणजे एक कोरी ओळ; ती जेथे येईल तेथे मायना संपला आणि मजकूर सुरू झाला असे यंत्र समजते. इतकेच नव्हे, तर एखाद्या हेडरात चोरून नवी ओळ घुसविता आली, तर लबाड मनुष्य तीत आपल्या पदरचे पत्ते घालून एकाचे पत्र शंभरांना पाठवू शकतो. म्हणून सावध प्लगइनने असले ओळतोड आधी छाटून टाकावयाचे असते. मला शनिवारवाडा आठवला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा जो खून झाला, त्याचे खापर लोकपरंपरेने ‘ध’चा ‘मा’ करणाऱ्या लेखणीवर फोडले आहे. त्यावर भाचा म्हणाला, की अलीकडे पत्रावर ‘डीकेआयएम’ नावाचे मोर्तब करतात, आणि त्यात नमूद केलेल्या हेडरांत किंवा मजकुरात एक अक्षर जरी बदलले तरी ते मोर्तब जुळत नाही. गारद्यांपाशी ही सोय असती तर मराठ्यांचा इतिहास निराळा झाला असता, असे मी म्हणालो. त्याने, कोरी ओळ मिळणार नाही, एवढेच सांगितले. जाता जाता त्याने हेही बजावले, की हेडराची ओळ शक्यतो अठ्ठ्याहत्तर अक्षरांत बसवावी आणि नऊशे अठ्ठ्याण्णवांच्या पुढे तर कधीच जाऊ देऊ नये. माझी वाक्ये ऐकण्याची त्याला लहानपणापासून सवय आहे.

अशा रीतीने आमचा श्री प्रवासाला निघाला. त्याने पुस्तके परत न करणाऱ्यांना पाठविलेल्या तगाद्यांवरून प्रवास केला. वीजबिलाच्या तक्रारीवरून केला. एका व्याख्यात्याला मानधन परवडत नसल्याचे कळविणाऱ्या विनम्र पत्रावरूनही केला. मी रोज एक तरी पाठविलेले पत्र उघडून त्याचे मूळ स्वरूप पाही, आणि सोळा चिन्हे जागेवर असल्याची रुजवात झाली की पंख्याखाली स्वस्थ बसे. दोन महिन्यांत एकाही मनुष्याने त्याची विचारपूस केली नाही, आणि त्यामुळे माझ्या सुखात काडीचाही उणेपणा आला नाही.

मग आमचे जुने ग्रंथपाल गेले. सदतीस वर्षे त्यांनी वाचनालयाची पुस्तके आणि त्याहून अधिक निष्ठेने वाचनालयाची पत्रे सांभाळली होती. आलेल्या पत्राच्या कोपऱ्यावर आवक क्रमांक घालून, त्याखाली आपली वळणदार सही करून मगच ते वाचावयाचे, हा त्यांचा शिरस्ता होता. मंडळाने दुखवट्याचा ठराव केला. मी तो टंकून त्यांच्या परदेशी असलेल्या मुलाला ई-मेलने पाठविला, आणि त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर एकाएकी उठून बसलो.

दुखवट्याच्या पत्रावर श्री गेला होता.

प्लगइनला मंगल आणि अमंगल यांतला भेद कोणी शिकविला होता? ते उंबऱ्यावर वाटी घेऊन उभेच होते. जो पुढे आला त्याच्या कपाळी त्याने टिळा लावला. मी त्याच घटकेला भाच्याला फोन केला. तो झोपेत म्हणाला, “मामा, सकाळी बघू. ते हेडर त्यांच्याकडे कोणीही उघडून बघणार नाही.”

“कोणी बघणार नाही म्हणून तर ते चुकता कामा नये,” असे मी म्हणालो. हे वाक्य मला कसे सुचले ते ठाऊक नाही, पण पलीकडे पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला, आणि मग तो म्हणाला, “बरं. लॅपटॉप उघडतो.”

दुसऱ्या दिवशी मी तोच ठराव स्वच्छ कागदावर हाताने लिहून, माथा कोरा ठेवून, ग्रंथपालांच्या पत्नीकडे घेऊन गेलो. त्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा शोधून डोळ्यांवर चढविला, आणि मजकुराकडे वळण्यापूर्वी कागदाच्या माथ्याकडे पाहिले. तेथे काही नाही, हे त्यांनी वाचले. मग त्या पुढचे वाचू लागल्या.

भाच्याने आता गाठोड्यातले प्लगइन बाजूला ठेवून स्वतःचे एक लहानसे लिहिले आहे. त्याचा पहिला प्रयत्न फसला, कारण विषयाच्या रकान्यातला ‘दुखवटा’ हा शब्ददेखील यंत्रापाशी चार-के-एसच्या वेषातच उभा असतो आणि त्याचे सोंग उतरविल्यावाचून ओळख पटत नाही. दुसऱ्या प्रयत्नात ते जमले. हा शब्द दिसला की प्लगइन ‘एक्स-मायना’पुढे नल लिहिते आणि वाटी खाली ठेवते. त्यानंतर अशी तीन पत्रे गेली. तिन्हींचे मूळ स्वरूप मी उघडून पाहिले. त्यांच्यावर श्री नाही.